बेबीबाईचा ढावलो

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातलं पिवळं कुत्रं शेपटी हलवू लागलं, तसा खेमा खुर्चीत पुढे सरकला.

"हे काय करून राहिलं, भाऊ?"

"फाईल शोधून राहिलं, काका. काकूंचं गाणं," रविंद्र म्हणाला. नजर मात्र त्यानं पडद्यावरून हलवली नाही.

हिंगोलीच्या बसस्टँडसमोर रविंद्रचं कॉम्प्युटर सेंटर होतं. पुसेगावकडच्या तांड्यावरचा म्हातारा खेमा बाजार उरकून सरळ तिथंच आला होता. त्याची बायको बेबीबाई गेल्या पावसाळ्यात गेली. आता नातीचं, दिपाचं लग्न ठरलं होतं. सासरी निघताना नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत ढावलो म्हणायचा, ही तांड्याची रीत. बेबीबाईसारखा ढावलो म्हणणारी बाई त्या भागात दुसरी नव्हती. दिपाला आजीचाच ढावलो शिकायचा होता, आणि तो रविंद्रच्या कॉम्प्युटरमध्ये होता.

निदान खेमाला तसं वाटत होतं. तो आता त्यात नाही, हे एकट्या रविंद्रला माहीत होतं.

"कॅसेटची फीत गुंतते, काका, बुरशी धरते. कॉम्प्युटरमधलं कुठं जात न्हाई," असं छातीठोकपणे सांगून त्यानंच खेमाची कॅसेट उतरवून घेतली होती. आणि गिऱ्हाइकाला कॅसेट परत देताना जुनं पुसून नवं भरून द्यायचं, ही धंद्याची चाल. त्यामुळे त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरून दिली होती. एका कॅसेटमध्ये दोन कामं झाली म्हणून खेमा केवढा खूश होऊन गेला होता! पुढे एका रिकाम्या दुपारी मोटारींच्या शर्यतीचा गेम टाकायचा होता. डिस्कवर जागा पुरेना. रविंद्रनं जागा केली.

"जुन्या डब्यातलं समदं या नव्यात आलंय ना पण?" खेमानं विचारलं.

"समदं."

तो जुना डबा, म्हणजे आधीचा कॉम्प्युटर, आता भंगारात गेला होता. रविंद्रचा त्याच्यावर फार जीव. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की झाडून सगळ्या फाईली मुकाट्यानं समोर उभ्या राहायच्या. जागा एवढीशी, पण काय ठेवलं नि काय पुसलं, सगळं तोंडपाठ असायचं. आताच्या मशीनमध्ये हत्ती हरवला तरी पत्ता लागायचा नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगे. आज मात्र तेच तोंडपाठ असणं त्याला नडत होतं. पुसण्याआधी यंत्रानं 'नक्की ना?' असं विचारलंसुद्धा होतं. आपण 'हो' म्हणालो, हे विसरू म्हटलं तरी विसरता येईना.

कुत्रं थांबलं. काहीच सापडलं नव्हतं.

"ह्याला जमंना," रविंद्र घाईनं म्हणाला. "दुसरं सॉफ्टवेअर टाकून बघू."

मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्यानं घातली. शोधायची दोन-तीन सॉफ्टवेअरं होती तीत. एखाद्या डॉक्टरनं औषध निवडावं तशा गंभीर चेहऱ्यानं तो एकेकाची माहिती वाचू लागला. चोर तो चोर, वर इतका शिरजोर, हे त्याचं त्यालाच कळत होतं, पण थांबवत नव्हतं.

"हे नाव लिहिता लिहिताच शोधतंय. आन् हे फाईलच्या पोटात शिरून बघतंय. कोणतं टाकू?"

"मला काय कळतंय, भाऊ? पर ते कुत्र्यावालंच बरं व्हतं. मुकं जनावर. इमानदारीनं शोधून राहिलं व्हतं."

रविंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं हाताला आलं ते सॉफ्टवेअर टाकलं. पडद्यावर फाईली धो धो येऊ लागल्या. लग्नपत्रिका, अर्ज, सातवीच्या मुलांचे फोटो, सत्यनारायणाची आमंत्रणं. सगळ्या तालुक्याचं काही ना काही त्यात होतं. खेमा ओळीगणिक मान हलवत होता, जणू पुढचीच ओळ बेबीबाईची असेल.

शेवटी यादी संपली.

"काका," रविंद्र म्हणाला. आता सांगूनच टाकावं, म्हातारा शिव्या देईल तर देऊ दे, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. "काका, कधी कधी फाईल... सापडत न्हाई."

एवढंच बाहेर पडलं. 'मीच पुसली' हे राहूनच गेलं.

खेमानं पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"न्हाई तर न्हाई. तुमाला तरी किती तकलीफ द्यावी? दिपाला आमच्या तांड्यावरच्या रूपसिंगची सून शिकवंल तिच्या परीनं." तो पुन्हा पडद्याकडे वळला. "भाऊ, सापडत न्हाई म्हणता. पर हाय ना ती आत?"

रविंद्रनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"हाय," तो म्हणाला.

खेमा उठला. टेबलाखालच्या त्या कोऱ्या करकरीत डब्यापाशी उकिडवा बसला. धोतराला हात पुसून तळवा त्यानं हळूच त्याच्यावर टेकवला आणि तसाच ठेवला.

"गरम हाय, भाऊ," तो म्हणाला.