चहाचे चाळीस डबे

किल्ल्याच्या पायऱ्यांवर किनुए तिसऱ्यांदा थांबली, तेव्हा इसाकुने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"परत फिरू या का?" त्याने विचारलं.

"तीस वर्षं ओसाका दाखवतो म्हणत होतात. आता दाखवायला आणलंत तर अर्ध्या वाटेतून फिरवता?"

मागून शाळेच्या सहलीचा लोंढा आला आणि दोघं कठड्याला चिकटून उभी राहिली. खंदकावरून बोचरा वारा येत होता. इसाकुने तिच्या गळ्यातल्या मफलरला आणखी एक वेढा दिला.

"अहो, फास देताय का मला?"

शेजारच्या दोन बायका हसल्या. इसाकुला हसता आलं नाही.

त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात हॉस्पिटलचा कागद होता. त्याला वाचता येत नव्हतं. त्याचं लहानपण डोंगरात कोळशाच्या भट्ट्या राखण्यात गेलं, शाळा राहूनच गेली. घरात येणारा प्रत्येक कागद किनुएच वाचून दाखवायची. तिच्या हाती न दिलेला हा पहिलाच. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. किनुएच्या पोटात गाठ आहे, उन्हाळा दिसणं कठीण. आजारी माणसाला हे सांगायचं नसतं. घरच्यांनीच मनात ठेवायचं, सगळे तसंच करतात. त्याने घरी येऊन सांगितलं, "साधा व्रण आहे, औषधाने भरून येईल." किनुए "बरं" म्हणाली होती. त्या "बरं"ची त्याला अजून लाज वाटत होती.

"सारखा काय खिसा चाचपताय?" ती म्हणाली. "कोट परवाच नीट करून दिलाय. त्यातून काही पडायचं नाही."

त्याने हात खाली घेतला.

दुपारी बाजाराच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोघांनी एका खानावळीत उदोनचे, जाड शेवयांचे, गरम वाडगे मागवले. भिंतीवरच्या पाट्या वाचून किनुएनेच दोघांचं काय ते सांगितलं. स्वतःच्या वाडग्यातलं निम्मं तिने त्याच्या वाडग्यात ओतलं.

"खा की," तो म्हणाला.

"तुम्ही खा. थंडीत तुमची गुडघेदुखी वाढते, माझी नाही."

समोरच्या कागदाच्या दुकानात रंगीत दोऱ्या बांधलेली आहेराची पाकिटं टांगलेली होती. ती बघून किनुएला हसू फुटलं.

"जा, एक पाकीट घेऊन या बघू."

"पुरे झालं ते आता."

"तो नवरदेव अजून जिवंत आहे बरं का. चार पोरांचा बाप झालाय."

तिच्या भाच्याचं लग्न होतं ते. पाकीट घ्यायला इसाकु एकटाच गेला होता. पाकिटावर काय लिहिलंय ते त्याला कळलं नाही, आणि डोंगरातल्या माणसाला रंगांची रीत कोण शिकवणार? आनंदाला तांबडी-पांढरी दोरी आणि दुखवट्याला काळी-पांढरी. त्याने भर मांडवात काळ्या-पांढऱ्या दोरीचं पाकीट नवरदेवाच्या बापाच्या हातात ठेवलं होतं. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक पाकीट किनुए आणायची.

"आता नाही चुकत मी," तो म्हणाला.

"आता मी चुकू देत नाही," ती म्हणाली.

मग तिने त्याला मोठ्या दुकानात नेलं. सात मजले, आत ऊब आणि माणसांची दाटी. भेटवस्तूंच्या मजल्यावर ती चहाच्या डब्यांपाशी थांबली.

"मी हॉस्पिटलात होते तेव्हा सगळी गल्ली भेटून गेली. फळं आणली, फुलं आणली. परतभेट नको का द्यायला?"

ती रीत बरं झाल्यावरची. इसाकुने मान खाली घातली.

"आधी नीट बरी हो. मग बघू."

"बरी होणारच आहे. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

त्याला तिच्याकडे बघवेना. "मग साखर घे," तो कसाबसा म्हणाला. "आनंदाला साखर बरी."

"चहाच घेते. टिकतो. चाळीस डबे सांगते. तुम्ही तिकडे उबेत बसा, मला पत्ते लिहायचेत."

तो हीटरजवळच्या बाकावर बसला. पांढरे हातमोजे घातलेल्या विक्रेतीशी किनुए खूप वेळ बोलत होती, फॉर्मवर लिहीत होती. आयुष्यभर जिने एकेक ओळ वाचून दाखवली तिच्यापासून आपण एक कागद लपवतो, आणि ती आपल्या शब्दावर विसंबून बरं झाल्याच्या भेटी घेते. त्याने ठरवलं, रीत गेली खड्ड्यात. परतीच्या गाडीत कागद तिच्या हातात द्यायचा.

किनुए परत आली आणि त्याच्या शेजारी टेकली. तिचा चेहरा उतरला होता, पण ती समाधानी दिसत होती.

"मफलर कुठे आहे?" त्याने विचारलं.

"राहिला वाटतं तिथेच."

"बस तू. मी आणतो."

मफलर चहाच्या डब्यांशेजारी घडी घालून ठेवलेला होता. विक्रेती नमुन्याच्या डब्यावर कागद लावून वर दोरी बांधत होती. इसाकुने दोरीकडे पाहिलं. काळी-पांढरी.

या वेळी चूक त्याची नव्हती. त्याला जरा धीर आला.

"बाई, दोरी चुकली तुमची. दुखवट्याच्या परतभेटीची लागली. माझी बायको आत्ता चहा सांगून गेली ना, तिच्या भेटी बरं झाल्याच्या आहेत."

विक्रेतीचे हात थांबले. तिने फॉर्म त्याच्यापुढे केला, मग काहीतरी आठवून स्वतःकडे वळवला आणि आवाज खाली आणला.

"चूक नाही, आजोबा. डबे पाठवायचा दिवस तुम्ही फोन करून कळवाल, असं त्या सांगून गेल्यात. म्हणाल्या, रंगांत यांचा गोंधळ होतो, म्हणून माझी दोरी मीच निवडून ठेवते."