डाग नसलेली जर्सी

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना जिंकताच कॅमेरे चेंडू फेकणाऱ्या पोराच्या प्रशिक्षकाकडे धावले. “माझ्या पोराची जर्सी बघा, एक डाग नाही!” तो मिरवत होता.

त्याच संघाच्या दुसऱ्या प्रशिक्षकाचा, म्हाताऱ्या डोनोव्हनचा, जळफळाट झाला. आयत्या बिळावर नागोबा! त्या पोराला कुणी पाडू नये म्हणून भिंतीसारखे उभे राहिलेले पाच गडी डोनोव्हननं घडवलेले. तीस वर्षं हेच केलं. पण कर्ण्यावर त्याच्या गड्यांचे नंबर पुकारले जात ते फक्त चुकल्यावर.

चिखलात माखलेल्या पाचांना मिठ्या मारून तो निघाला, तर कपडे धुणाऱ्या रोझानं ती पांढरी जर्सी त्याच्यापुढे धरली. “कोच, ही खरी तुमची.”

त्यानं उलटून पाहिलं. पाठीवर नाव त्या पोराचं.

डोनोव्हननं चिखलाचे हात जर्सीला नीट पुसले. “आता टाक धुवायला.”