बोलीचा नमुना

खानदेशातल्या रनाळ्याची रंजिता सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली.
विषय : घरचीच बोली, अहिराणी.
पहिलं काम होतं घरच्या माणसांचं सहज बोलणं रेकॉर्ड करायचं. तिने आईला व्हिडिओ कॉल लावला.

"माय, जेवनी का?"

"होय. मी भोजन केलेले आहे. येथील हवामान उत्तम आहे."

"माय, घरमा बोलस तसं बोल ना वं!"

"नको गं. तुझे गोरे सर ऐकतील, तुला हसतील. मी मास्तरीणबाईंकडून शुद्ध मराठी शिकत आहे."

दर रविवारी हेच. तेच शुद्ध मराठी, तेच उत्तम हवामान.

आज मात्र "काळजी घ्यावी" म्हणून आईने फोन पालथा ठेवला आणि बंद करायचा विसरली. पडदा काळा झाला, आवाज येत राहिला, रेकॉर्डिंगही चालूच राहिलं. आई रंजिताच्या वडिलांना रडत सांगत होती,

"पोर कितली वाळी गई हो! पन इचारता बी उनं नही माले त्या सुद्ध भाषामा."




रंजिताने रेकॉर्डिंग बंद केलं, आणि फोन तसाच कानाशी धरून ठेवला.