कोरडा खोकला

एक डबी भरली की अक्काच्या डोक्यावरची दोन ओझी उतरणार होती. सिस्टरचे रोजचे टोमणे थांबणार होते, आणि धाकट्या भावाच्या फुप्फुसात जाणारी नळी टळणार होती. त्यासाठी लागत होता चमचाभर बेडका. भावाकडे नेमका तोच नव्हता.

भाऊ कोरडा खोकायचा. खोकून खोकून ओठ निळे पडायचे आणि डबी तशीच परत यायची. आठ महिन्यांपूर्वी अक्कानं त्याला स्वतःची एक किडनी दिली होती. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी शरीराचा पहाराच झोपवला होता.

"अशा अंगात बुरशीसुद्धा घर करते," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "छातीच्या फोटोत फारसं काही नाही, पण चार पावलांत दम लागतोय. मला बुरशीचीच शंका आहे. उद्यापर्यंत बेडका द्या, नाहीतर नळी घालून आतलं धुवण काढू."

नळीच्या नावानंच भाऊ रडवेला झाला. त्याचं रडणं अक्काला लहानपणापासून सोसत नसे. त्याच्या वाट्याचा मारही तिनंच खाल्ला होता.

सकाळी ती रिकामी डबी घेऊन बसली होती. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर मोठ्यानं खाकरला. तो दाखल झाला होता पोटासाठी. खोकला जुना, विडीची कमाई, असं तो म्हणायचा आणि सगळे मान डोलवायचे.

"इकडे आणा ती डबी, अक्का. आमच्याकडे माल भरपूर आहे."

"अहो, असं कसं चालेल?"

"तुम्ही भावाला किडनी दिलीत, मी बेडका देतो. घरचंच समजा."

अक्कानं दाराकडे पाहिलं. सिस्टर नव्हती. तिनं डबी पुढे केली. डबीवर भावाच्या नावाची चिठ्ठी होती.

दुपारी रिपोर्ट आला. क्षयाचे जंतू, तेही भरपूर. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"कालपर्यंत खोकला कोरडा होता ना, ताई?"

"वाफ दिली. सुटला."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं. केसपेपरवरची बुरशीची शंका खोडली गेली. नळीही रद्द झाली. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि भाऊ कितीतरी दिवसांनी हसला. "वाचवलंस गं, अक्का."

सहाव्या दिवशी त्याला एक वाक्य पुरं करता येईना. शेवटी नळी घातलीच. धुवणात बुरशीच बुरशी. क्षयाचा जंतू औषधालाही नाही.

"मग त्या डबीत कुणाचा बेडका होता?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्कानं शेजारच्या खाटेकडे पाहिलं. ड्रायव्हर पाठ वळवून खोकत होता.

बुरशीचं औषध लगेच चढवलं. आठवडाभर आधी ते बहुधा पुरलं असतं. तिसऱ्या दिवशी भाऊ गेला. "किडनी मात्र शेवटपर्यंत उत्तम चालली," डॉक्टर जाताजाता म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता.

दोन महिन्यांनी अक्का स्वतःच्या उरलेल्या किडनीच्या तपासणीसाठी त्याच दवाखान्यात आली. बाकावर ड्रायव्हर बसला होता. गाल भरले होते, खोकला नव्हता. हातात क्षयाच्या गोळ्यांची पिशवी होती. तो धडपडत उठला.

"अक्का, कुठल्या तोंडानं बोलू? पण त्या दिवशी तुम्ही डबी पुढे केली नसतीत, तर माझा बेडका कुणी तपासलाच नसता."

अक्कानं पिशवीवरची चिठ्ठी वाचली. नाव त्याचंच होतं.

"गोळ्या चुकवू नका," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

ज्याला तिनं अंगातलं काढून दिलं, तो गेला होता. ज्याच्याकडून घेतलं, तो जगला होता.