तिसरी हाक

संगप्पा केस जिंकला. जजसाहेबांनी निकाल तोंडी सांगितला, स्टेनोनं तो अर्धा टाइप केला, आणि काव्यानं टेबलाखालून आईला 'जिंकले' असा मेसेजही टाकला. त्यानंतर साडेचार मिनिटांनी कोर्टातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, की यातलं काही घडलेलंच नाही. तेव्हा आपणही ते सध्या विसरू.

काव्याला वकील होऊन अकरा महिने झाले होते. सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत तिचं ऑफिस. पहिली मोठी केस ही. बापूसाहेबांच्या टॉवेल कारखान्यात, डाइंगच्या, म्हणजे सूत रंगवायच्या, गरम हौदावर हा माणूस बावीस वर्षं उभा होता. रंगात हायड्रोची पावडर हातानं टाकायची, वाफ नाकानं घ्यायची. तोंडाला बांधायला कारखान्यानं टॉवेल दिला होता, तोही नापास मालातला. आता डॉक्टर म्हणत होते, फुफ्फुसं निम्मी गेलीत, घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, आणि लवकर लागेल. ते कारखान्याकडून मिळवायचं, एवढीच केस.

पण काव्याला ती काही केल्या नीट कळत नव्हती.

"संगप्पाकाका," ती पहिल्या दिवशी म्हणाली. काका पंख्याकडे बघत होते. "संगप्पाकाका?" पंखाच. तिसऱ्या हाकेला त्यांच्या बायकोनं, शांतम्मानं, कोपरानं ढोसलं.

"आं? व्हय, मीच की."

काव्यानं वहीत लिहिलं: कान.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत, शेजारच्या खोलीतली कुजबुजही ऐकू येते. काव्यानं बराच विचार केला आणि अर्जात घातलं: 'अनियमित बहिरेपणा'.

मग जन्मसाल. काका म्हणाले, "त्र्याहत्तर." शांतम्मा खाकरली. काका म्हणाले, "न्हाय, छासष्ट."

"नक्की कुठलं?"

"तुमच्याकडं कुठलं लिवलंय?"

"कारखान्याच्या कार्डावर छासष्ट."

"मग बराबर हाय की."

अर्जात आलं: 'स्मृतिभ्रंश'.

मग अंगठा. आधारच्या मशीनवर सात वेळा ठेवला, सातही वेळा मशीन म्हणालं, जुळत नाही. काकांनी दोन्ही तळवे पुढे केले. जांभळे, गुळगुळीत. "रंगानं रेघा खाल्ल्या, बाई." हे मात्र काव्याला पहिल्या फटक्यात पटलं. अर्जात आणखी एक ओळ वाढली.

"काकू, हे आधीपासून असेच आहेत का? म्हणजे हाक मारल्यावर?"

"घरी मी 'अवो' म्हणते. लगीच बघतात."

"आणि कारखान्यात?"

"तितं घंटा हाय." शांतम्मानं पदरानं तोंड पुसलं. "तितं टिकतंय कोण, वकीलबाई? माजा थोरला भाऊ दोन म्हयन्यांत पळाला, गावाकडं इंडीला. ह्ये दुसऱ्या दिवशी गेले. जागा मोकळी व्हती."

काका खोकायला लागले. ते खोकले, की खोलीतल्या सगळ्यांना थांबावं लागायचं. खाली झेरॉक्सवाला सुद्धा थांबायचा.

कोर्टात बापूसाहेबांच्या वकिलांनी अर्ज मोठ्यानं वाचला. "साहेब, हा कामगार आहे का हॉस्पिटल? आणि फुफ्फुसं गेली ती बिडीनं."

"बिडी कवाच न्हाय," काका म्हणाले. "वाफंत काडी पेटायची न्हाय."

मग वकिलांनी हजेरीपट काढला. संगप्पा सारखा रजेवर असायचा, असं त्यांना दाखवायचं होतं. साहेबांनी पानं उलटली. बावीस वर्षांत रजा एकूण नऊ.

"तुम्हीच पुरावा आणलात की," साहेब म्हणाले. "हजेरीपट सांगतो, संगप्पा रोज हौदावर होता. डॉक्टर सांगतात, संगप्पाची फुफ्फुसं हौदानं खाल्ली. आणखी काय पाहिजे?" बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंश त्यांनी हसून खोडले, पण मशीन, औषधं, भरपाई, सगळं मंजूर केलं. काव्यानं मेसेज टाकला तो इथं.

राहिला होता फक्त वारसाचा रकाना. शांतम्माला पिंजऱ्यात बोलावलं.

"नवऱ्याचं नाव?" कारकुनानं विचारलं.

शांतम्मानं वर पंख्याकडे पाहिलं.

"बाई, नाव."

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत."

"कागदावर आहेच की. फक्त तोंडानं सांगा."

"कागदावर हाय तर मग मला कशाला इचारता?"

समोरच्या वकिलांनी मान वर केली. साहेब घड्याळाकडे बघायला लागले. सही तेवढी राहिली होती. आणि तेव्हा काव्याला आयुष्यातली सर्वांत हुशार कल्पना सुचली.

"साहेब, उखाण्यात चालेल?"

साहेबांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी चांगलं होणार असल्यासारखं हसू आलं. "चालेल. स्टेनो, घ्या."

"उखाण्यातच पायजे?" शांतम्मानं विचारलं.

"हो काकू. लग्नात घेतला होता तसा."

"तसाच?"

"तस्साच."

शांतम्मानं नवऱ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरून पदर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सिद्धेश्वराच्या तळ्यात कमळं फुलली छान,
शिवयोगीरावांचं नाव घेते, राखून कोर्टाचा मान."

काव्याच्या तिसऱ्या हाकेशिवाय कधी न वळलेला माणूस पहिल्याच हाकेला वळला. लाजला सुद्धा.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. स्टेनोची बोटं थांबली.

शांतम्मा पिंजऱ्यातून खाली उतरली आणि काव्याच्या कानाशी म्हणाली, "सख्ख्या भावाचं नाव नवरा म्हणून कसं घेऊ, बाई?"

काव्यानं तिथंच, उभ्या उभ्या, एक कागद ओढून अर्ज लिहायला घेतला: 'अर्जदाराच्या पत्नीने आज रोजी घेतलेला उखाणा कामकाजातून वगळण्यात यावा, आणि समोर बसलेल्या इसमाची फुफ्फुसे ही हजेरीपटावरील संगप्पा यांचीच समजण्यात यावीत, ही नम्र विनंती.'