बी साइड

पंचेचाळीस मिनिटांच्या कोऱ्या फितीला अकरा जणांनी "वा" म्हटलं होतं.

शफीभाईंनी मोबाइल कानाला लावून पुन्हा खात्री केली. नुसती खरखर. ना तंबोरा, ना तबला, ना गाणारा. जुनी कॅसेट मोबाइलवर उतरवताना उलटी बाजू लागली आणि दुपारी चारला तीच त्यांनी ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "आज हा मारवा ऐकतोय. तुम्हीही ऐका." चूक त्यांचीच, कबूल. पण माणसं काय म्हणतात बघा! लोणीच्या गुरुजींचे डोळे पाणावले होते. अवसरीच्या सुदर्शननं तर कमालच केली. "द्रुत म्हणजे कळस!" आणि ही पहिली वाहवा आली कधी? फीत टाकल्यावर सहाव्या मिनिटाला.

कसलं द्रुत आणि कसला कळस!

"गाढवाला गुळाची चव काय," शफीभाई मोठ्यानं म्हणाले. ऐकायला घरात कोणी नव्हतं, तरी म्हणाले.

जुन्नर आणि आंबेगावातल्या तेरा कानसेनांचा हा ग्रुप. ज्यानं त्यानं आपण काय ऐकतोय ते टाकायचं, बाकीच्यांनी ऐकून दोन शब्द लिहायचे. दोन वर्षांपूर्वी बायको, सितारा, गेली. पाठोपाठ शफीभाईंनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं. मुलगी आयशा तिच्या संसारात, लांब. तेव्हापासून त्यांचा दिवस त्या दोन शब्दांवर चालला होता. बारा माणसं आपल्याबरोबर बसून ऐकतायत असं त्यांना वाटायचं, बरं वाटायचं. आज कळलं, कोणी बसलेलंच नव्हतं. राहता राहिला डिंगोऱ्याचा गेणभाऊ. त्याचा शब्द आला नव्हता. तो शेतकरी गडी, दिवसभर टोमॅटोत, त्यानं फीत उघडलीही नसेल.

भिंतभर कॅसेटी होत्या, चारशेच्या वर. सगळ्या रेडिओपुढं टेप ठेवून भरलेल्या. टेप चालू असला की घरात कोणी बोलायचं नाही, हा शफीभाईंचा कायदा. सितारानं तो तीस वर्षं पाळला. शिटी वाजू नये म्हणून डाळ पातेल्यात शिजवायची, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून भाकरी थापायची. ती गेल्यावर शफीभाईंनी तिचा आवाज कुठं कुठं शोधला! फोनवर बोलायला ती लाजायची, पोरीच्या लग्नाच्या व्हिडिओत नुसता बँड वाजत होता. कॅसेटींत मोठमोठ्या गवयांचे खोकलेसुद्धा होते. सितारा नव्हती.

आता त्या कॅसेटी तरी कोणासाठी उतरवायच्या? शफीभाईंनी ग्रुपवर लिहायला घेतलं. "मंडळी, मी रजा घेतो. इथं कोणी ऐकत नाही." बटण दाबणार, तोच फोन वाजला. गेणभाऊ.

"शफीभाई, रामराम. आवं, हे काय पाठवलं तुमी? गाणं न्हाईच की त्यात."

शफीभाई सावरून बसले. "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं म्हंजी? टोमॅटो बांधताना कानात घातलं व्हतं. म्हनलं, आत्ता सुरू व्हईल, मग सुरू व्हईल. पार शेवटपातुर ऐकलं."

एक जण तरी निघाला म्हणून शफीभाईंना हसू आलं. "चुकून गेली हो ती. कोरी बाजू आहे."

"कोरी न्हाई वो," गेणभाऊ म्हणाला. "एकतिसाव्या मिन्टाला एक बाई हाक मारतीय. तीनदा मारती. अन् कोनी ओ म्हनून देत न्हाई. घरात कोनी नव्हतं का?"

"बघतो," एवढं म्हणून शफीभाईंनी फोन ठेवला.

कॅसेट उलटी करून पाहिली. बी साइडवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'लाईट गेली'. मग आठवलं. रेडिओ करंटवर, टेप सेलवर. मारव्याची एक बाजू भरली, त्यांनी कॅसेट उलटली आणि लाईट गेली. रेडिओ मुका झाला. आत्ता येईल, मग येईल म्हणून टेप त्यांनी चालूच ठेवला होता. ही बाजू पुढं त्यांनी कधीच ऐकली नव्हती. कोऱ्या बाजूचं कोण काय ऐकणार?

त्यांनी एकतिसावं मिनिट लावलं.

"सुनते क्या जी? चाय हो गई."

सितारा! स्वयंपाकघरातून आलेला, शेवटाला जरा वर चढणारा तिचा आवाज. रेडिओ थांबला म्हणजे टेपही थांबला, असं तिला वाटलं असणार. शफीभाईंनी आवाज वाढवला. किती शोधलं होतं तिला, आणि ती इथं, त्यांच्याच कपाटात बसून होती.

खरखर.

"सुनते क्या?"

पुन्हा खरखर. मग अगदी टेपजवळ कोणीतरी खोकलं. कोरडा, दोन ठोक्यांचा खोकला. तो ओळखायला शफीभाईंना वेळ लागला नाही. आजही पहाटे त्यांना त्यानंच जाग येते.

म्हणजे घरात माणूस होता. बंद रेडिओपुढं, हाकेपासून दहा पावलांवर. लाईट कुठल्याही क्षणी येईल आणि मारव्यात आपला आवाज जाईल, म्हणून तोंड मिटून बसलेला.

"सुनते क्या?" तिसरी हाक हळू होती. त्यानंतर कपबशी उचलल्याचा आवाज, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं, "रहने दो. थंडी हो गई."

पुढं शेवटपर्यंत खरखरच होती. ग्रुपवरचा रजेचा निरोप तसाच पडून राहिला. शफीभाईंनी फीत मागं नेली, पुन्हा एकतिसावं मिनिट लावलं, आणि त्या रिकाम्या घरात पहिल्याच हाकेला मोठ्यानं ओ दिली.