दोनदा चाळलेली माती

यंदाही हरलो तर कबड्डी मंडळाला टाळं, हे शेलारमास्तर जाणून होते. फोनवर शेजारच्या संघाचे कार्यवाह होते.

“आमचा हुकमी चढाईपटू हवाय ना, मास्तर? मग तुमची ती दोन कोवळी पोरं द्या. कायमची.”

“अहो, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून घडवलंय त्यांना!”

“मग लावा टाळं.”

पोरं दिली तर उद्याचा संघ गेला, न दिली तर आजचाच. “न्या,” मास्तर कसंबसं म्हणाले.

मैदानाशी आले, तर ती दोघं घामाघूम होऊन माती चाळत होती.

“तुम्ही शेजारचा तो चढाईपटू आणणार म्हणत होतात ना, मास्तर? त्याच्या गुडघ्याला खडा लागू नये, म्हणून दोनदा चाळली.”

रोज मास्तर ही माती कपाळाला लावूनच आत पाऊल टाकत. आज त्यांचा हात खाली जाईना.